गार इंजिन

सुभेदार जगन्नाथरावांची मोटार गार असली की सुरू होऊन लगेच मरायची. तापली की दिवसभर तक्रार नाही. हे दसऱ्यापासून सुरू झालं होतं. म्हैसुरात मोटारी मोजक्याच, त्यामुळे ती माझ्याच लष्कर मोहल्ल्यातल्या कारखान्यात आली.

सकाळी मी बॉनेट उघडलं. प्लग स्वच्छ होते, कार्बुरेटरमध्ये कचरा नव्हता, पेट्रोल नीट येत होतं. मी पुढून इंजिन फिरवायचं हँडल मारलं. इंजिन धडधडलं आणि मेलं.

पुन्हा मारलं, तेव्हा हँडल उलटं फिरलं. माझं उजवं मनगट काडकन मोडलं. हाड कातडी फाडून बाहेर आलं आणि रक्त हँडलवरून ओघळलं.

इंजिन एका लयीत चालू लागलं.

शेजारी उभ्या जगन्नाथरावांना नवल वाटलं नाही. बाकावर त्यांचा ड्रायव्हर मान खाली घालून बसला होता. त्याचे दोन्ही हात फळ्या बांधून गळ्यात अडकवलेले होते. ते मी आत्ता नीट पाहिले.

"खंडेनवमीला हे हँडल कुठं ठेवलं होतं?" मी दात आवळून विचारलं.

"तलवारींच्या ओळीत. आमच्यात हत्यारांना बकऱ्याचं रक्त लावतात की."

"हे हत्यार नाही, रावसाहेब."

त्यांनी इंजिन बंद केलं, कारखान्याच्या दाराला आतून कडी घातली आणि बॉनेटवर तळहात टेकवून, देवापुढे थांबावं तसे थांबले.

बऱ्याच वेळाने त्यांनी हात उचलला.

"गार झालं," ते हळूच म्हणाले. "आता डाव्या हातानं मारा, नरसिंगराव."