वाटायचा राहिलेला एक्का

नाशिक रोडच्या क्वार्टरमध्ये दुपारी केबल बंद पडली आणि महिनाभराच्या तापातून उठलेल्या आयुषने पत्ते मागितले. आपलं लेकरू हसलं, तेव्हा कीर्तनाहून परतलेल्या यशोदाबाईंनी मनोमन विठ्ठलाला हात जोडले. त्यांना एवढंच हवं होतं.

पण खेळ निघाला खुनाचा. इस्पिकचा एक्का ज्याला येईल तो खुनी. त्याने गुपचूप डोळा मारला की समोरच्याने ‘मेलो’ म्हणायचं, आणि पोलिसाने खुनी ओळखायचा. यशोदाबाई पोलीस झाल्या.

चटईवर घरचे चौघंच बसले: यशोदाबाई, त्यांचा नवरा भिकन, लेक तेजल आणि आयुष.

“मेले बाई!” तेजल खिदळली. पाठोपाठ भिकन म्हणाले, “घ्या, आम्हीपण गेलो.”

“आता उरलास तूच, लबाडा!” म्हणत यशोदाबाईंनी आयुषचा पत्ता उलटला. बदामाची सत्ती निघाली. एक्का तर वाटायचाच राहिला होता, पत्त्यांच्या डबीत पडून होता.

“अहो, मग तुम्हाला डोळा मारला कुणी?” यशोदाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

“कुणी म्हणजे? तुझ्याशेजारी बसलेत ना, त्यांनी,” भिकन सहज म्हणाले.

शेजारी मोकळी चटई होती. तिच्या काड्या हळूच करकरल्या, कुणी पुढे सरकावं तशा.

“तिकडे बघू नकोस रे!” यशोदाबाईंनी आयुषचे डोळे झाकायला हात पुढे केला.

हात पोचायच्या आत आयुष गोड हसला.

“मेलो गं, आई.”