बेचाळिसावं नाणं

"हा अंगठा तुमचा का?" तपासनीस बाईंनी विचारलं.

निवृत्त ड्राफ्ट्समनने पडद्याकडे पाहिलं. चांदीचं नाणं ताटाएवढं मोठं दिसत होतं आणि त्याच्या कोऱ्या भागावर तपकिरी रेषांचा एक ठसा उठला होता.

"मी हातमोज्यांशिवाय नाण्याला हात लावत नाही," तो म्हणाला.

"मग घरातल्या कुणाचा तरी असेल. दीड-दोन वर्षांपूर्वीचा. चांदीत मुरलाय, आता पुसून जायचा नाही. बाकीची एक्केचाळीस नितळ आहेत, त्यांना वरचा दर्जा मिळेल. हे मात्र डागी ठरणार."

दर्जाचं त्याला सोयरसुतक नव्हतं. नाणी तपासून डब्यांत बंद झाली की विकून मोकळं व्हायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं. बायको जाऊन आठ महिने झाले होते. दुसऱ्या आठवड्यात त्याने तिचे कपडे देऊन टाकले, तिसऱ्यात तिचा फोन बंद केला, मग खोलीला रंग काढला. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मेहुणी तोंडावर म्हणाली, "भाऊजी, तुम्ही माणूस आहात की दगड?" त्याचंही त्याला काही वाटलं नाही. आता नाण्यांची पाळी होती. पेटी त्याने उघडूनही न बघता इथे आणली. तिचं आजारपण सुरू झालं तेव्हापासून ती बंदच होती.

बायको या नाण्यांना सवत म्हणायची. "माझ्या सवतीला एकदा माझ्याही हातात द्या की!" "घामाने नाणं मरतं," हे त्याचं ठरलेलं उत्तर. पुढे पुढे तिने विचारणंच सोडलं.

"जरा मोठं करता?" तो म्हणाला.

बाईंनी चित्र मोठं केलं. ठशाच्या रेषांना छेदून एक तिरकी, कोरी रेघ गेली होती. पत्र्याचा डबा उघडताना एकदा बायकोचा अंगठा कापला होता. तीन टाके पडले होते. टाके घालताना तिचा दुसरा हात त्यानेच धरला होता.

म्हणजे तो औषधं आणायला बाहेर पडल्यावर ती अंथरुणातून उठली असणार. भिंत धरत कपाटापर्यंत गेली असणार. ज्या नाण्यासाठी तो रविवार-रविवार भिंगाला डोळा लावून बसायचा, नेमकं तेच तिने उचललं होतं. आणि परत जागच्या जागी ठेवून दिलं होतं.

त्याने सवयीने चढवलेले हातमोजे काढले. कॅमेऱ्याखालचं नाणं उचललं आणि त्यावर उघडा अंगठा टेकवला.

"अहो, साहेब!" बाई खुर्चीतून उठल्याच. "तुमचाही ठसा बसेल! कायमचा!"

"बसू द्या," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "तिच्या शेजारी जागा आहे."