दहा दिव्यांची माळ

मोतीराम दुपारची डुलकी काढत होता, तेवढ्यात नवसाबाईने दहाही दिव्यांच्या तारा कात्रीने एकसारख्या करून टाकल्या. प्रत्येक इवल्याशा एलईडी दिव्याची एक तार लांब, एक आखूड. असं कुठं असतं? तिचं बालपण मखमलाबादला फुलांच्या मळ्यात गेलेलं. निशिगंधाची जुडी बांधायची तर देठ एका रेषेत हवेत, नाहीतर बाजारात कुणी हात लावत नाही. नवऱ्याला तेवढीच मदत, असं म्हणत तिने कापलेले तुकडे केरात टाकले आणि चहा ठेवला.

मोतीराम उठला आणि चाचपडत फळीपाशी आला. पुढच्या खोलीत प्लायवूडच्या फळीवर त्याने नांदगावचं स्टेशन उभं केलं होतं. हाताएवढी गाडी, पुठ्ठ्याचा फलाट आणि संपलेल्या रिफिलींचे दहा खांब. रेल्वेत त्याची बत्तीस वर्षं सिग्नलच्या वायरी जोडण्यात गेली, त्यातली बरीचशी नांदगावलाच. आता साखरेने डावा डोळा नेला होता आणि उजव्याला नुसता उजेड कळत होता. तोही किती दिवस, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. कळतोय तोवर फलाटावरचे दिवे एकदा लागलेले बघायचे, एवढंच त्याने मनात धरलं होतं.

त्याने पहिला दिवा उचलून तारांवरून बोट फिरवलं. मग दुसरा. मग तिसरा.

"नवसा, तारा कुणी कापल्या?"

"मीच. लहानमोठ्या होत्या, सारख्या केल्या."

मोतीरामने तिसरा दिवा फळीवर ठेवला. "अगं, लांब असती ती प्लसची. मला रंग दिसत नाय, मी बोटानं लांबी बघतो. सगळे एका माळेत जोडायचेत. एक जरी उलटा बसला तरी दहाच्या दहा बंद."

नवसाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात तो रागावलाही नाही, हे तर आणखीच वाईट.

"दोन सेल आण," तो म्हणाला. "एकेक लावून बघू. पेटला का नाय, ते तू सांगायचं."

मग एकेका दिव्याची परीक्षा सुरू झाली. ती "पेटला" म्हणाली की तो प्लसची तार वाकवून ठेवायचा. मागच्या आठवड्यात असाच एक दिवा त्याने डोळ्याजवळ धरला होता आणि "पिवळा ठिपका, पिवळा ठिपका" करत घर डोक्यावर घेतलं होतं. आज मात्र तो एकही दिवा डोळ्याजवळ नेईना. नवसाबाईच्या ते लक्षात आलं, पण विचारायची तिची छाती झाली नाही.

चार वाजता शेवटच्या तारेला पीळ देऊन झाला. उजेड नीट कळावा म्हणून त्याने तिला खिडकीवर घोंगडी टाकायला लावली. मग तो फळीपुढे गुडघ्यांवर बसला, तोंड फलाटाशी नेलं, डोळा ताणला आणि बटण दाबलं.

दहाच्या दहा लागले. सगळा फलाट पिवळा झाला, खांबांच्या सावल्या रुळांवर पडल्या. नवसाबाई हरखून टाळी वाजवणार, तेवढ्यात मोतीराम म्हणाला, "लागले का गं?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या उजव्या डोळ्याच्या बाहुलीत दहा पिवळे ठिपके होते, मोजून घ्यावेत असे. पापणी हललीसुद्धा नाही. त्याने हात पुढे करून एका दिव्याला बोट लावलं. हे नवे दिवे मुळी तापतच नाहीत. जुने बल्ब असते तर बोटाला तरी कळलं असतं.

"खरं सांग, नवसा." त्याचा आवाज लहान झाला होता. "लागले?"

हो म्हणावं तर त्याचा डोळा जातो, नाही म्हणावं तर त्याची कारागिरी. आणि सांगायला तिच्याशिवाय दुसरं कुणी नाही.

"नाय लागले," ती म्हणाली. "माझंच चुकलं. सेल लावताना एखादा उलटा सांगितला असंल मी."

मोतीरामने एवढा मोठा श्वास सोडला की पुठ्ठ्याचा फलाट हलला. मग तो हसायलाच लागला.

"लय घाबरलो होतो बघ. म्हटलं, डोळा गेला का काय! असू दे, असू दे. उद्या सगळे सोडवू, परत लावू. घाई कुठं हाय?"

नवसाबाई हो म्हणाली. उद्या काय सांगायचं, परवा काय? खिडकीवरची घोंगडी काढायलासुद्धा तिचा हात उठेना.

"बटण तरी बंद करतो," मोतीराम म्हणाला आणि चाचपडत त्याने ते दाबलं.

फलाटावर अंधार झाला. तो नवसाबाईला एकटीला दिसला.