निळं फडकं

"खालचे दोन बोल्ट राहिलेत, भावजी. ओढू नका, बंपरची कड फाटेल," मेस्त्री म्हणाला.

"गाडी माझी आहे. फाटली तर माझी फाटेल."

भावजी शाळेत गणित शिकवत. गाडीखाली शिरायचं त्यांचं वय नव्हतं. पण आज अंगणात सतरंजी अंथरून, चष्मा दोरीनं मानेला बांधून ते गाडीच्या तोंडाशी आडवे झाले होते. मेस्त्रीनं गाडीला हात लावायचा नाही, फक्त बघायचं, असं त्यांनी तो आल्या आल्याच बजावलं होतं.

मेस्त्री पायरीवर बसून राहिला.

वर्ष होत आलं. ताईच्या छातीत कळ आली, भावजींनी गाडी काढली, आणि पुलाच्या चढावर ती घुसमटल्यासारखे आचके देत बंद पडली, ती पडलीच. दुसरं वाहन मिळेपर्यंत ताई मागच्या सीटवरच गेली. दोनच दिवस आधी गाडीचं सर्व्हिसिंग झालं होतं. केलं होतं मेस्त्रीनं, ताईच्या सख्ख्या भावानं. पुलावरून गाडी ओढून आणून अंगणात लावली, तीही त्यानंच. तेव्हापासून ती कव्हराखाली उभी होती.

"डावीकडची चौथी," भावजींनी एक क्लिप वर केली. भाचीनं ती अंड्यांच्या ट्रेमधल्या चौथ्या खळग्यात ठेवली. ट्रेवर तिनं आकडे घातले होते. बापाची लेक शोभत होती.

"मामा, आत काय असेल रे?" तिनं हळूच विचारलं.

"काय असणार? धूळ," मेस्त्री म्हणाला.

आत काय आहे ते त्याला ठाऊक होतं. वर्षभर ते त्याच्या उरावर बसलं होतं. देवापुढे हात जोडले की आधी तेच आठवे, आणि मागायचं ते राहून जाई.

बोल्ट निघाले. भावजींनी दोन्ही बाजूंनी ओढलं तसं बंपरचं कव्हर खटखट आवाज करत सुटलं. बापलेकींनी ते उचलून सतरंजीवर पालथं घातलं. आतून गाडी बोळकं उघडलेल्या म्हातारीसारखी दिसत होती.

"भावजी, अजून राहू द्या," मेस्त्री उठला. "चूक माझीच होती म्हणतोय ना मी? मग उघडून काय मिळवायचं?"

"तू घाबरतोस."

"घाबरतोय."

"मग उघडायलाच हवं." भावजींचा आवाज चिरकला. "मी रात्रंदिवस एकच गणित मांडतोय. आदल्या दिवशी मी स्वतः हवेचा फिल्टर झटकून बसवला, तेव्हा गाडी ठणठणीत होती. मग पुलावर काय झालं? मला उत्तर हवंय. काही निघालं नाही तर तुझे पाय धरीन. निघालं, तर या घराचा उंबरा तुला बंद."

भाचीनं मान खाली घातली. मेस्त्रीला बायको नव्हती, पोरं नव्हती. गॅरेजमागच्या खोलीत एक खाट, एक पत्र्याची पेटी, आणि नात्याचं म्हणून ही एवढी एक पोर. रविवारी डबा घेऊन यायची, "मामा, दाढी कर, अस्वल दिसतोस" म्हणायची.

भावजींनी पुढचा हवेचा नळ काढला. मग फिल्टरचा डबा उचलला. मग इंजिनाकडे जाणारी जाड रबरी नळी पिळून पिळून सोडवली. इंजिनाचं तोंड उघडं पडताच त्यांनी सवयीनं खिशातून जुना अभ्रा काढला, दुहेरी गाठ मारून त्याचा बोळा केला आणि तोंडात कोंबला.

"झालं! दिसलं भोक की कोंबला बोळा," भाची पहिल्यांदाच हसली. "आईचा अभ्रा ना तो? चिमण्यांच्या जोडीचा?"

"अर्धाच उरलाय. एक चिमणी कुठे उडाली कोण जाणे," भावजी म्हणाले. "स्क्रू आत पडला म्हणजे? काळजी घ्यावी माणसानं."

"परत बसवताना तेवढा काढा," मेस्त्री पुटपुटला.

"तू मला शिकवू नकोस!"

भावजींनी नळी उजेडाकडे धरली. दोन बोटं आत घातली. काहीतरी हाताला लागलं, ताणलं, आणि सतरंजीवर निळं फडकं पडलं. कोपऱ्याला लाल दोऱ्याची शिवण. सगळ्या गावात असली फडकी एकाच गॅरेजमध्ये होती.

मग भाचीनं ते उचललं.

"मामा, तू तर रोज फडकी मोजून खणात ठेवतोस ना रे? एक कमी भरलं तर दिवा लावून शोधतोस."

"त्या दिवशी नाही मोजली."

"का नाही मोजली?" ती ओरडली. "आईच्याच गाडीला का नाही मोजली?"

भावजी सतरंजीवर बसले होते, हात काळे, डोळे भरलेले. पण त्यांचे खांदे मात्र खाली आले होते, वर्षभराचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखे. त्यांनी लेकीला जवळ ओढलं. ती लहान पोरीसारखी बापाच्या छातीत शिरली.

"जा तू," भावजी म्हणाले.

मेस्त्रीनं चपला घातल्या. फाटकाशी तो थांबला. "बाळा, इंजिनातला बोळा आठवणीनं काढ हं."

भाचीनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

खोलीवर आल्यावर त्यानं दार लावलं, खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली आणि तळाशी हात घातला. बोळा होता तसाच होता, एका अंगानं काजळलेला, दुहेरी गाठ मारलेला. त्यानं गाठ सोडली आणि ताईची दुसरी चिमणी मांडीवर पसरली.