पटाची जोडी

२०२२ साली, बंदी उठल्यावर, किन्हीराजाच्या पुंजाजींनी शंकरपटाच्या शर्यतीसाठी बैलांची पांढरीशुभ्र जोडी घेतली. जोडीला रोज पहाटे पळवून आणायचं काम त्यांच्या शुभांगीचं. बैलांमागे धावता धावता पोरगी अशी तयार झाली, की कॉलेजनं वाशिमच्या धावण्याच्या शर्यतीसाठी तिचं नाव काढलं.

"बाबा, मले जाऊ द्या नं उद्या."

"धावनं हा काय खेळ हाये का? धावते त कुत्रंबी," पुंजाजी म्हणाले. "उद्या पट हाये. बैलाईले खुराक कोन देईन?"

"मंग आपले बैल पटात काय करते, बाबा?"

"जास्त शहानी नको बनू."

दुसऱ्या दिवशी बैल जिवाच्या आकांतानं धावले, आणि मंडपात खुर्चीवर बसलेल्या पुंजाजींना 'उत्कृष्ट खेळाडू' म्हणून फेटा बांधून करंडक देण्यात आला. रात्री शुभांगी घरी बैलांचे पाय शेकत बसली.



पुढे एक बैल लंगडू लागला तशी पुंजाजींनी जोडी बाजारात विकली, त्याच उन्हाळ्यात शुभांगीचं लग्न उरकून टाकलं, आणि आता तालुक्याच्या क्रीडा समितीचे अध्यक्ष म्हणून ते शाळाशाळांत मुलींना धावण्याचं महत्त्व सांगत फिरतात.