सात दिवसांची गेटबंदी

"हा आमचा माणूसच नाही," मॅनेजर फुकन साहेब म्हणाले. समोर पितळी बट्यात, म्हणजे पायाच्या तबकात, तामूल-पान, आपलं सुपारी-पान, मांडलेलं होतं. त्याला त्यांनी हात लावला नाही. तामूल उचललं की पंचाचा शब्द मान्य केला, हे आसामात डुमडुमाच्या बाजूला शेंबड्या पोरालाही ठाऊक.

पंच होते गोहाईं मास्तर, छोट्या चहामळेवाल्यांच्या संघटनेचे सचिव. चहाच्या कारखान्याच्या पडवीतच बैठक बसली होती. एका खुर्चीवर साहेब, समोर तुलेश्वर मराण, आणि मागे चटईवर ज्यांच्या परसात चहाचा एखादा तुकडा आहे असे वीस-बावीस जण. त्यांची पानं तुलेश्वर अकरा वर्षं आपल्या गाडीतून कारखान्यात पोचवत होता.

मंगळवारी कारखान्याची पानं सुकवायची भट्टी बंद पडली. साहेबांनी गेट लावून घेतलं. तुलेश्वरची गाडी भरलेली, गेटबाहेर उन्हात. चहाचं पानच ते, जाळीत दाबून ठेवलं की आतून तापतं आणि लाल पडतं. संध्याकाळपर्यंत सगळं लाल पडून वाया गेलं.

आता भांडण एवढंच की ती पानं कुणाची? तुलेश्वर कारखान्याचा माणूस असेल, तर त्यानं तराजूवर घेतली तेव्हाच ती कारखान्याची झाली. तो स्वतंत्र व्यापारी असेल, तर मळेवाल्यांना त्यानं भरून द्यायचं, आणि त्यासाठी गाडी विकायची. गाडी गेली की तुलेश्वरजवळ उरणार काय, तर हॉर्न वाजवायची सवय.

"सकाळी फोन करून किती पानं आणायची ते तुम्हीच सांगता ना?" मास्तरांनी विचारलं.

"गिऱ्हाईक सांगणारच की किती हवं ते."

"जाळ्या तुमच्या, तराजू तुमचा."

"सगळ्यांनाच देतो आम्ही. मास्तर, गाडी त्याची, डिझेल त्याचं. कागदावर स्पष्ट लिहिलंय, स्वतंत्र पुरवठादार. तो विकतो, आम्ही घेतो. नाही घेतलं, तर नाही घेतलं."

साहेब वाईट माणूस नव्हता. पण मालक वर बसलेला असला की चांगल्या माणसालाही असं बोलावं लागतं. मास्तर चष्मा पुसत बसले. याचा अर्थ त्यांना पुढे काही सुचत नव्हतं.

तुलेश्वरला मात्र सुचत होतं. गाडीत, लायसनच्या मागे, एक घडी केलेलं पत्र होतं. बायकोच्या हाती लागू नये म्हणून तीन वर्षं तिथं दडवलेलं.

त्या वर्षी त्याची पोर दिब्रुगडच्या इस्पितळात होती. एक दिवस त्यानं गाडी गुपचूप पलीकडच्या कारखान्यात नेली, जास्त भावानं पानं विकली, मळेवाल्यांना जुनाच भाव सांगितला आणि वरचे पैसे इस्पितळात भरले. साहेबांना कळलं. सात दिवस गेटबंदी. गावात त्यानं मलेरिया झाल्याचं सांगितलं आणि पांघरूण घेऊन पडून राहिला. मळेवाल्यांतली निरला जेठाई, सगळ्या गावाची थोरली मावशी, तिनं मागुर माशाचा रस्सा पाठवला, तोही त्यानं खाल्ला. नशीब असं की त्याच आठवड्यात सगळ्यांच्या मळ्यांत लाल कोळी, चहाच्या पानावरची कीड, पडल्याचं त्याच्या कानावर आलं. सगळ्यांनी फवारणी केली म्हणे. फवारलेलं पान सात दिवस खुडायचं नसतं. दुसरे एजंट येऊन रिकाम्या गाड्या घेऊन परत गेले, पानं झाडावरच जून झाली, आणि आठव्या दिवशी तुलेश्वर आपल्या जागी हजर. देवानंच लाज राखली म्हणून त्यानं नामघरात, गावच्या प्रार्थनाघरात, दिवा लावला होता.

आता तीच लाज चटईवरच्या सगळ्यांपुढे उघडी करायची. निरला जेठाई तिथंच बसली होती, घरून आणलेलं तामूल चघळत. तुलेश्वर उठला, गाडीकडे गेला आणि त्यानं पत्र आणून मास्तरांच्या हातात दिलं. कुणाकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

मास्तरांनी मोठ्यानं वाचलं. "परवानगीशिवाय पानं दुसऱ्या कारखान्यास दिल्याबद्दल तुलेश्वर मराण यास सात दिवस गेटबंदी. पुन्हा असे घडल्यास कामावरून कमी करण्यात येईल." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "फुकन, खाली सही कुणाची?"

"माझीच."

"व्यापाऱ्यानं माल कुणालाही विकावा. त्याला परवानगी कसली आणि शिक्षा कसली? परक्याच्या पोराचा कान कुणी धरत नाही, बाबा."

साहेबांनी पत्र हातात घेतलं, दोनदा वाचलं. मग स्वतःशीच हसले आणि बट्यातलं तामूल उचलून तोंडात टाकलं.

"साहेब," तुलेश्वरनं हात जोडले, "तेव्हा शिक्षा केलीत, फार उपकार झाले."

पडवीत हशा पिकला. गाडी वाचली होती. पण त्याला अजून मागे वळायचं होतं. तो चटईशी गेला आणि जेठाईपुढे गुडघे टेकून बसला.

"जेठाई, भावाचं मी खोटं बोललो. मलेरियाचंही."

"माहीत होतं. मलेरियाचा माणूस रश्श्यावर तीन ताटं भात ओढतो होय रे?"

"सगळ्यांना माहीत होतं?"

"पोर आजारी होती तुझी. पहिल्याच दिवशी कळलं."

तुलेश्वरनं मान खाली घातली. "देवाची कृपा, जेठाई. नेमका लाल कोळी पडला, नाहीतर तुम्ही सगळे दुसऱ्या गाडीला लागला असतात."

जेठाईनं बट्यातलं तामूल उचलून त्याच्या हातावर ठेवलं.

"लाल कोळी कुठला रे," ती म्हणाली, "त्या वर्षी एकाच्याही मळ्यात पडला नव्हता."