पाहुण्यांची बाजू

"बस तिकडेच," वॉल्टर म्हणाला. "पण मग उद्यापासून माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

कॉलेजच्या जिमच्या दारात, पाचपन्नास माणसांदेखत हे झालं. बायकोनं, नंदानं, विणून दिलेली लाल टोपी जगन्नाथ सहस्रबुद्धेनं कानांवर ओढली आणि तो पाहुण्या टीमच्या स्टँडकडे चालू लागला. मागून नंदा, हातात विणकामाची पिशवी घेऊन.

आता हे गाव म्हणजे इलिनॉयमधलं, शॉमबर्गहून दोन तासांवरचं. एक कारखाना, एक कॉलेज आणि कॉलेजची बास्केटबॉल टीम. जर्सी निळी. हिवाळ्यात गावाला दुसरा धर्मच नाही. जगन्नाथ चौऱ्याहत्तर साली कारखान्यात इंजिनिअर म्हणून आला, तेव्हा शेजारच्या वॉल्टरनं त्याला दोन गोष्टी शिकवल्या. बर्फ कसा उपसायचा आणि निळ्यांसाठी कसं ओरडायचं. दुसरी तो जरा जास्तच शिकला. अकरा वर्षं दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी. टीम दरवर्षी मार खायची आणि हे दोघं दरवर्षी घसा बसवून घरी यायचे. एकदाच जगन्नाथ मूतखड्यानं आठवडाभर हॉस्पिटलात पडला. नेमक्या त्याच आठवड्यात टीमनं दोन मॅचेस मारल्या आणि ह्याच्या बघायच्या राहिल्या. वॉल्टरला केवढी हळहळ!

असा माणूस फिरला. का फिरला, ते गावाला ठाऊक होतं. त्याच्या मुलीला, मृणालिनीला, गावच्या कॉलेजनं ॲडमिशन नाकारली आणि लाल जर्सीवाल्यांच्या कॉलेजनं दिली. बापाला झोंबलं, दुसरं काय?

त्यात वेळ अशी साधली की विचारू नका. ऑक्टोबरात डॉक्टरांनी वॉल्टरला स्पष्टच सांगितलं होतं, उन्हाळा दिसेल, पुढचं सांगता येत नाही. "एकदा आपली पोरं फायनलला गेलेली बघायची आहेत," एवढंच म्हातारा म्हणाला, आणि तेही जगन्नाथलाच. नोव्हेंबरात सीझन सुरू झाला, तर जगन्नाथची खुर्ची रिकामी! टीम नेमकी यंदाच जिंकत सुटलेली आणि हा गायब. कुणी म्हणे घरी बसतो, कुणी म्हणे पार वरच्या रांगेत कुठंतरी दिसला होता. आज सेमीफायनलला मात्र सरळ लाल टोपी घालून शत्रूच्या गोटात.

स्टँडच्या पायऱ्यांवर शैलेंद्रनं त्याला गाठलं. हा त्याच्याच कारखान्यातला. वयानं लहान, पण दुसऱ्याच्या भानगडीत पडायची भारी हौस.

"जगन्नाथराव, शोभतं का हे? महाराष्ट्र मंडळाच्या इलेक्शनला तुम्ही माझा एवढा प्रचार केलात, तरी मी आपटलोच ना? मी धरलं का मनात? तुम्ही पण सोडून द्या यार ते ॲडमिशनचं. म्हातारा आजारी आहे."

"ठाऊक आहे मला."

"वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना!"

नंदानं मान वर केली नाही. ती हिरव्या लोकरीचे टाके मोजत होती. बिचारी शरमेनं मान खाली घालून बसली आहे, असं शैलेंद्रला वाटलं आणि तो चुकचुकत निघून गेला.

मॅच सुरू झाली. जगन्नाथ ओरडला. अगदी बेंबीच्या देठापासून ओरडला. लालांची बास्केट पडली की उठून नाचला. आजूबाजूची लाल मंडळी खूश. एका बाईनं तर त्याच्यापुढे पॉपकॉर्न धरलं. कोर्टाच्या पलीकडे वॉल्टर ब्लँकेट गुंडाळून बसला होता. शेजारच्या खुर्चीवर त्यानं स्वतःचा कोट ठेवला होता. जगन्नाथ उठला की म्हातारा तोंड फिरवायचा. जगन्नाथला ते दिसायचं आणि फार लागायचं. तरी तो ओरडत राहिला.

शेवटचे दहा सेकंद. निळे दोन पॉइंटांनी पुढे आणि बॉल लालांकडे. त्यांच्या एका उंच पोरानं उडी घेतली.

"टाक रे, टाक!" जगन्नाथ मराठीतच किंचाळला आणि त्यानं डोळे गच्च मिटले.

बॉल रिंगवर फिरला. एकदा, दोनदा. आणि बाहेर पडला.

पलीकडे एकच जल्लोष झाला. जगन्नाथनं दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. त्याचे खांदे हलत होते. पॉपकॉर्नवाल्या बाईनं त्याच्या पाठीवर थोपटलं. "पुढच्या वर्षी बघू," ती म्हणाली.

बाहेर पडताना वॉल्टर समोरच आला. म्हातारा रडत होता आणि हसतही होता. जगन्नाथला पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं.

"काँग्रॅच्युलेशन्स, वॉल्टर."

"तुझ्याकडून नकोत," वॉल्टर म्हणाला आणि काठी टेकत पुढे गेला.

गाडीत बसल्यावर जगन्नाथनं काचा नीट वर केल्या, हीटर लावला आणि डोळे पुसले. रेडिओवर सांगत होते, फायनल शनिवारी, कालच जिंकलेल्या हिरव्या जर्सीवाल्यांशी. त्यानं रेडिओ बंद केला.

"फार बोलले हो ते तुम्हाला," नंदा म्हणाली.

"बोलू दे. एवढा शनिवार जाऊ दे, मग बघू."

नंदानं दातांनी लोकर तोडली आणि हिरवी टोपी त्याच्या डोक्यावर बसवून बघितली.

"शनिवारी जरा आणखी मोठ्यानं ओरडा हं," ती म्हणाली. "आज दोनच पॉइंटांनी हरवलंत लालांना."